अर्धा राक्षस तुझा आहे

ऑस्टिन, रविवार रात्र

प्रिय पक्या,

दिवाळीला फोन केला नाही, वास्तुशांतीला आलो नाही, वहिनींच्या मेसेजला नुसता अंगठा पाठवला. रागावला असशील. पण काल जे झालं ते सांगायला या गावात मला एकही माणूस नाही, म्हणून लिहायला बसलोय. तब्येत ठीक आहे, साखर आटोक्यात, गुडघा तसाच.

आपल्या राक्षसाच्या पोस्टरवर डाग पडलेत.

तुझ्या नव्या फ्लॅटसाठी तो फ्रेम करून पाठवायचं ठरवलं होतं. तुला न सांगता. काल दुपारी पलंगाखालचा चपटा खोका ओढला. २०१४ ला तू परत निघालास त्या आठवड्यात तुझ्या टीव्हीच्या खोक्याचे दोन तुकडे कापून मी बांधला होता तोच. तीन घरं बदलली, पण तो मी कधी मूव्हर्सच्या हाती दिला नाही. दर वेळी स्वतःच्या गाडीत, मागच्या सीटवर आडवा ठेवून नेला. काल चिकटपट्टी कापली, वरचा पुठ्ठा उचलला, आणि आकाशभर तपकिरी रेघा. एकदम सरळ, ओळीने, दोन रेघांत करंगळीच्या नखाएवढं अंतर. पुठ्ठ्याच्या पोटात नळ्या असतात ना, बरोबर तशा. कपाखाली चहा वाळून जो रंग उरतो तो रंग. राक्षसाच्या अंगावर काळी शाई जाड आहे, तिथे काही दिसत नाही. चंदेरी समुद्रही चमकतोय. पण आकाशाला शाईच नाही रे, तिथे कोरा कागद सोडलाय, आणि सगळं तिथेच उमटलंय. खाली पेन्सिलीतला प्रतीचा आकडा मात्र कालच लिहिल्यासारखा: ८७/२२५.

ही म्हणाली, पोस्टरच आहे ना, दुसरं मागव. तिची चूक नाही. २२५ छापून झाले की छपाईची स्क्रीन धुऊन टाकतात आणि तो पुन्हा येत नाही, हे तिला कुठून माहीत असणार? तुझं लहानपण तर काकांच्या लग्नपत्रिकांच्या दुकानात गेलं. ग्वाडलूप रस्त्यावर, सिनेमाची पोस्टरं काढणाऱ्या माँडोच्या गॅलरीबाहेर पहाटे पाचपासून रांगेत होतो, तेव्हा तूच मला सगळं समजावलंस. एका रंगाला एक स्क्रीन, ताणलेल्या जाळीवरून रबराच्या पट्टीने शाई ओढायची, आणि सात रंग असतील तर तोच कागद सात वेळा बरोबर त्याच जागी बसला पाहिजे. मागचा तो टोपीवाला टेक्सन ऐकता ऐकता तुझा अख्खा चिवडा संपवून बसला. आत गेल्यावर लोक चित्राकडे बघत होते, आणि तू कागदाला नाक लावून म्हणालास, "काकाच्या दुकानाचा वास!" मग भिंग मागितलंस आणि त्या मुलीला सांगितलंस की डाव्या शिंगाजवळ रजिस्टर, म्हणजे रंगांची जुळणी, हललंय. ४५ डॉलर, साडेबावीस तुझे, साडेबावीस माझे. तू पंचवीस दिले होतेस हे अजूनही मला मान्य नाही.

२०१० साली ऑली मॉस या चित्रकाराचे माँडोने काढलेले ते तीन स्टार वॉर्सवाले पोस्टर हातचे गेले होते ना, त्याची भरपाई होती ती. सी-थ्रीपीओ या यंत्रमानवाच्या डोक्याच्या आकारात अख्खं वाळवंट! पान उघडेपर्यंत संपले आणि तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस, वायफाय माझ्या नावावर होतं म्हणून. आता तो काळच गेला. सहाव्या रस्त्यावरचं अलामो रिट्झ थिएटर २०२१ मध्ये बंद झालं, त्याच्या पुढच्या वर्षी माँडो त्या खेळणीवाल्या फंको कंपनीने विकत घेतलं. त्या रस्त्याने गेलो की मी अजून मान वळवून बघतो.

आज सकाळी एका कागद-संवर्धक बाईंकडे घेऊन गेलो. रविवार असूनही त्यांनी दार उघडलं. साध्या पुठ्ठ्यात लाकडाचं लिग्निन असतं, ते जुनं होता होता आम्ल सोडतं आणि ते शेजारच्या कागदात उतरतं, असं म्हणाल्या. अॅसिड-फ्री बोर्ड हवा होता. दहा डॉलरची वस्तू, पक्या. उजेड लागू नये, ओल लागू नये, वळी पडू नये म्हणून मी एवढा जपला, आणि ज्याच्यात जपला त्यानेच खाल्ला.

उपाय आहे. कॅल्शियम घातलेल्या पाण्यात कागद भिजवून धुता येतो. डाग फिके होतात, आम्ल निघतं, पेन्सिल टिकते. पण कागद पाण्यात फुगतो आणि वरची जाड शाई त्याच्याबरोबर फुगत नाही, म्हणून तडे जाण्याची भीती. चंदेरीची त्यांना सगळ्यात जास्त काळजी वाटते. आधी कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाकून बघतील. आणि धुतलं की कधी विकताना तसं सांगावं लागेल, किंमत उतरेल. विकायचा विचार माझ्या मनात कधी आला नाही, तुझ्याही नसेल. नाही धुतलं तर रेघा गडद होत जातील, कागद ठिसूळ होईल.

आपलं त्या अपार्टमेंटमधलं भांडण कालपासून डोक्यात आहे. तू सोफ्यावर उभा, हातात टाचण्या. मी खाली, पोस्टर छातीशी धरून. पश्चिमेची खिडकी आहे, रंग उडेल, असं मी ओरडत होतो. तू तुझ्या आजीच्या लक्ष्मीच्या चित्राचा विषय काढलास. रविवर्म्याच्या छापखान्यातली, साडीवर टिकल्या शिवलेली. दगडावर एकेक रंग चढवून छापलेली, म्हणजे आपल्या राक्षसाची पणजीच, असं म्हणालास. मुंबईत १८९४ ला सुरू झालेला तो छापखाना पुढे मळवलीला गेला आणि १९७२ ला जळला, पण वाईच्या देवघरात उदबत्तीचा धूर खात लक्ष्मी अजून रोज फूल घेते, "चित्र भिंतीवरच जगतं!" मी त्या रात्री तुला अडाणी म्हणालो होतो. तो शब्द मी आज परत घेतो, पक्या. इतक्या वर्षांत राक्षसाला मी दोनदासुद्धा बघितलं नाही. माझी मुलगी बारा वर्षांची झाली, तिने त्याला काल पहिल्यांदा पाहिलं. डागांसकट. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, पाऊस पडतोय का तिथे?

त्या लक्ष्मीच्या मागे लाकडी फळी आहे का रे? आपल्याकडच्या जुन्या फ्रेमांना असायची. असेल तर आताच काढून घे, लाकूडही असंच आम्ल सोडतं. काच चित्राला चिकटली असेल तर ओढू नकोस, कोणा जाणत्याला दाखव.

बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? चिनूचं दहावीचं वर्ष, तिला माझ्याकडून काही बोलू नकोस, नुसता आशीर्वाद सांग. नोकरीचं तू लिहिलं होतंस ते वाचलं, त्यावर वेगळं लिहीन, नक्की.

बाईंना गुरुवारी उत्तर द्यायचंय. मला वाटतं धुवावं. चंदेरीला तडा गेला तर जाऊ दे, पण कागद राहील. मात्र अर्धा तुझा आहे, तुझ्या होकाराशिवाय मी पाण्याला लावणार नाही. डाव्या शिंगाचा आणि आकाशाचा फोटो सोबत पाठवतोय, मोठा करून बघ. आणि धुतला किंवा न धुतला, फ्रेम करून तो तुझ्याकडेच येणार. तुझ्या हॉलमध्ये पश्चिमेची खिडकी कुठे आहे तेवढं कळव.

तुझा,
नंदू