रविवारच्या बर्मी सरावाबद्दल आठवण

नमस्कार मंडळी, रविवारी सकाळी ९ ला आपला बर्मी भाषा (म्यानमारची भाषा) बोलायचा सराव आहे, सगळ्यांनी वेळेत जॉईन व्हा आणि माईक चालतोय का ते आधीच बघून घ्या.

यावेळी फक्त नमस्कार आणि ओळख. 'मिंगलाबा' म्हणजे नमस्कार, तो सगळ्यांना येतोच, त्यातलं मिंगला म्हणजे आपलंच 'मंगल', पालीतून गेलेलं. पण घरोब्याची माणसं एकमेकांना मिंगलाबा फारसं म्हणत नाहीत, ती विचारतात 'थमिन सा पीबीला?' म्हणजे भात खाल्लात का, अगदी आपलं 'जेवलात का' तसंच, मला तर हे वाक्य फार आवडतं, तेव्हा हे पाठच करून या.

नाव सांगताना 'मी'साठी पुरुषांनी 'चनॉ' आणि बायकांनी 'चमा' म्हणायचं, मागच्या वेळी इथेच गोंधळ झाला होता. म्हणजे 'चनॉ नान्मे सुनील बा' (माझं नाव सुनील), 'चमा नान्मे वैशाली बा'. आडनाव विचारू नका, बर्मी लोकांत आडनाव नसतंच. मोठ्या पुरुषाच्या नावाआधी 'ऊ' लावायचं आणि मोठ्या बाईच्या नावाआधी 'डॉ', हे डॉक्टरमधलं डॉ नाही हं. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस ऊ थांट, त्यांचं नाव नुसतं थांट, ऊ म्हणजे आपलं 'राव' समजा.

आभाराला 'चेझू तिंबाडे'. सूर चढला-उतरला की अर्थ बदलतो म्हणून नुसतं वाचून येऊ नका, ग्रुपवर टाकलेला ऑडिओ रोज दोनदा तरी ऐका आणि मोठ्याने म्हणा.

येणार नसाल तर शनिवारी रात्रीपर्यंत कळवा, जोड्या लावायच्यात.