बाबा, कन्फेशनला चला

प्रिय आई-बाबांस,
सप्रेम नमस्कार.

बाबा, आईने फोनवर सगळं सांगितलं. तिच्यावर रागावू नका, तिला आता सोसवत नाही. मिस्सेत कम्युनियनची पवित्र भाकर घ्यायला रांग लागली की तुम्ही बाकावरच बसून राहता, गुडघे दुखतात म्हणता. धाकट्या काकांचा वाडीतला हिस्सा आणि कोर्टात देवाची शपथ घेऊन दिलेली खोटी साक्ष त्यामागे असेल, असं कधी मनातही आलं नव्हतं.

मी ते पाप लहान करून सांगणार नाही, तुम्हालाही ते पटायचं नाही. पण काका गेले, आता क्षमा कुणाची मागणार आणि देव तरी का ऐकेल, असं तुम्ही आईला म्हणालात, ते मला मान्य नाही. दाविद राजाने आपल्याच सैनिकाला, उरियाला, लढाईच्या तोंडी देऊन मारवलं. उरियाही परत येणार नव्हता. तरी दाविदाने देवापाशी क्षमा मागितली, आणि त्याच्या नावाचं स्तोत्र ५१ आपण उपवासकाळात म्हणतो.

सध्या येशूला धरून देणाऱ्या यहूदाचा विचार डोक्यातून जात नाही. मत्तयात आहे बघा, ‘मी पाप केलं’ असं त्यानेही कबूल केलं, तीस नाणी मंदिरात फेकून दिली. येशूला ओळखत नाही म्हणणारा पेत्र नुसता ओक्साबोक्शी रडला. पण पेत्र इतरांबरोबर राहिला आणि पुनरुत्थित येशू त्याला भेटला. यहूदा एकटाच निघून गेला. बाबा, तुम्ही हे एकट्याने ओढत राहू नका हो.

आपल्या गावच्या फादरांपुढे पाप कबूल करायचा संकोच वाटत असेल तर दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये जाऊ. जाळीआड बसायचं, नाव सांगावं लागत नाही. ऐकलेलं फादर कोर्टालाही सांगू शकत नाहीत. ते फोडलं तर त्यांच्यावरच धर्मबहिष्कार ओढवतो. सुरुवात कशी करावी कळत नसेल, तर तेवढंच सांगा. पुढचं ते विचारून घेतील.

राहिल्या काकू. पापक्षमा मिळाली तरी झालेलं नुकसान होईल तेवढं भरून द्यायचं असतं, हे आपल्या कॅटेकिझममध्ये स्पष्ट लिहिलंय. पण जकातदार जक्कयाची गोष्ट नीट वाचा. ‘आज मला तुझ्या घरी उतरायचंय’ असं येशू आधी म्हणाला, चौपट परत देण्याचं जक्कय नंतर बोलला. म्हणून आधी कन्फेशन, मग जमीन.

बावखलाकडची केळीची वाडी अजून तुमच्या नावावर आहे. ती काकूंना देऊन टाकू. त्यात मला काही नको, दादालाही नको, आमचं बोलणं झालंय. काकू कदाचित दारातच उभं करतील, वाट्टेल ते बोलतील. ते ऐकून घ्यायचं, आणि माफ करा म्हणून त्यांच्या मागे लागायचं नाही. द्यायचं ते त्यांनी माफ केलं नाही तरी द्यायचंच.

आई, तू सोबत चल. बाबा आत असतील तेव्हा आपण दोघी बाहेर बसू.

मी शुक्रवारी रात्री येते. सातबारा आणि फेरफाराचे कागद ट्रंकेतून काढून ठेवा, वकिलांना मी विचारलंय. शनिवारी संध्याकाळी फादर कन्फेशनला बसतात, त्या वेळेला निघू.

तुमची लेक