वनमंत्री साहेब, चिताऱ्यांसाठी पांगारा लावा

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस सविनय नमस्कार.

साहेब, मी सावंतवाडीचा, आता नोकरीमुळे डोंबिवलीत. गणपतीला गावी गेलो की चितार आळीत, म्हणजे लाकडी वस्तू घडवून रंगवणाऱ्या चिताऱ्यांच्या गल्लीत, एक चक्कर होतेच. यंदा बहिणीच्या मुलीच्या लग्नात द्यायला रंगवलेली लाकडी पेटी घ्यायची होती, आमच्याकडे आईची आरसा-फणी ठेवायची फणेरपेटी आहे तशी. एका दुकानात छान दिसली म्हणून घेतली, घरी येऊन आतून बघतो तर एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेली शीट. कोकणातल्या पावसात ती किती टिकणार सांगा, ओल लागली की फुगते आणि कोपरे सुटतात. आईची पेटी अजून धड आहे, झाकणाचा रंग जरा उडालाय एवढंच.

मग ओळखीच्या एका चिताऱ्याकडे गेलो आणि विचारलं की असं का होतंय. ते म्हणाले, रंगवणारे हात आहेत अजून, पण लाकूड आणायचं कुठून?

हेच सांगायला हे पत्र लिहितोय. आमची लाकडी फळं, भाज्या, खेळणी पूर्वीपासून पांगाऱ्याची. हलकं, मऊ लाकूड, हत्याराला पटकन वळतं. पेट्या, पाट, चौरंगाला दुसरंही लाकूड चालतं पण तेही नीट वाळलेलं लागतं, ओलं वापरलं तर सांधे उघडतात आणि वरचा रंग तडकतो. एका एका कारागिराला लाकूड विकत घेऊन महिनोन्महिने वाळत ठेवणं परवडत नाही, पैसे अडकून पडतात, जागा लागते, म्हणून मग तयार शीट आणून काम उरकायचं.

या कामाची किंमत काय आहे ते एका डब्यावरून सांगतो. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले जुन्या पद्धतीचे पत्ते, ते ठेवायचा डबा बघितलाय का तुम्ही? आत गोल पानं असतात, दशावतारी गंजिफाची १२०, म्हणजे दहा अवतारांची प्रत्येकी बारा, राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. पानांसाठी कापडावर चिंचोक्याची खळ चढवायची, घोटून गुळगुळीत करायचं, मग बारीक कुंचल्याने मत्स्य, कूर्म, वराह काढायचे. आणि ज्या डब्यात हे जातं त्याच्या सरकत्या झाकणावरही तेवढंच बारीक काम, कारण पानं नंतर दिसतात, आधी डबा दिसतो. ही कला जवळजवळ संपली होती. १९७० च्या दशकात सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी एका म्हाताऱ्या चिताऱ्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यात काम सुरू केलं म्हणून ती आज आहे. तेव्हा कला शिकवणारा माणूस संपत आला होता, आता लाकूड संपत आलंय.

आणि पांगारा काही दुर्मिळ झाड नव्हतं हो. आमच्या लहानपणी बांधावर, कुंपणाला, मिरीच्या वेलाला आधार म्हणून सगळीकडे असायचा, शिमग्याच्या सुमारास पानं झडून नुसता लाल व्हायचा, साळुंक्यांचा कलकलाट चालायचा. आता बांधाला तारा आल्या, डोंगरावर काजू आणि रबर आलं. यात शेतकऱ्याला दोष देत नाही मी, त्याला काजूचे पैसे मिळतात, पांगाऱ्याचे कोण देणार?

आपल्या खात्याने २०१९ साली ३३ कोटी झाडांचं टार्गेट घेतलं होतं. मला कोटी नकोत. सावंतवाडी, दोडामार्ग, कुडाळ भागात सामाजिक वनीकरणाच्या जागेवर, रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात पांगारा लावा. रोपवाटिकेचा खर्चही फार नाही, फांदी रोवली तरी जगते आणि वाढतो भराभर. त्यातली ठराविक झाडं दरवर्षी कारागिरांना रास्त दरात मिळतील असा लेखी नियम करा, नाहीतर झाडं वाढतील आणि तोडायच्या परवानगीसाठी चितारी हेलपाटे घालत बसतील. आणि तालुक्याला एक साधी शेड द्या जिथे फळ्या रचून वाळवता येतील आणि कारागीर लागेल तेवढ्याच घेऊन जातील.

सत्काराला मंत्रालयात भेटवस्तू लागतातच, त्या तिथून घ्या हे ओघाने आलंच, पण आधी लाकूड.

मिरगाचा पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. फांद्या लावायच्या तर त्याआधी जागा ठरल्या पाहिजेत, म्हणजे मे महिन्याच्या आत खाली आदेश यायला हवा. तेवढं बघा साहेब.

आपला,
एक सावंतवाडीकर