ओटीपी देऊ नका, आधी लिहून घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींच्या कोर्टात, केसेस वर्षानुवर्षं पडून राहतात, तारखांवर तारखा लागतात, यावर आपल्या पेपरात अधूनमधून पत्रं येतात. मी ती वाचते आणि ते दुखणं खरंच आहे. ग्राहक संरक्षण कायद्यात लिहिलंय की समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो ३ महिन्यांत निकाल लावायचा, वस्तू लॅबमध्ये तपासायला पाठवावी लागली तर ५ महिन्यांत. प्रत्यक्षात काय होतं ते आयोगात खेपा घातलेल्या माणसाला विचारा. पण मला आज त्याच्या आधीच्या टप्प्याबद्दल लिहायचंय, कारण मला मनापासून वाटतं की आपली निम्मी लढाई आपण तिथेच हरतो, आणि हरलो हेही आपल्याला खूप उशिरा कळतं.

माझंच सांगते. वॉशिंग मशीन घेऊन जेमतेम चार महिने झाले होते, वॉरंटी चालू, आणि एक दिवस मशीन पाणीच सोडेना. कपडे आत, पाणी आत, दार लॉक. कस्टमर केअरला फोन केला, दोन दिवसांनी टेक्निशियन आला, दहा मिनिटं मागचं झाकण उघडून बघितलं आणि म्हणाला पीसीबी (मशीनचा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) गेलाय, पार्ट मागवावा लागेल, आठ दिवसांत येईल. ठीक आहे म्हटलं. मग जाताना म्हणाला, "ताई, तुमच्या मोबाईलवर ओटीपी आला असेल तो सांगा, कॉल क्लोज करायचाय, नाहीतर माझं आजचं पेमेंट अडकतं." पोरगा उन्हातून आलेला, मी दिला ओटीपी. तो जिना उतरायच्या आत मेसेज आला की आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे, आमच्या सेवेला पाच पैकी किती स्टार द्याल. मशीनमध्ये पाणी तसंच होतं.

त्यानंतर सात आठवडे मी फक्त फोन केले. दर वेळी नवीन माणूस, नवीन तक्रार नंबर, पहिल्यापासून सगळी स्टोरी, आणि दर वेळी "मॅडम तुमची आधीची कंप्लेंट तर रिझॉल्व्ह दाखवतेय". मी चिडायचे, आवाज चढवायचे, एकदा तर फोनवरच्या मुलीला नको ते बोलले, त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण तिच्या हातात काहीच नसतं, तिच्यासमोर स्क्रीनवर जे दिसतं तेवढंच ती बोलणार.

माझ्या ओळखीच्या एक बाई ग्राहक पंचायतीचं, म्हणजे ग्राहकांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेचं काम करतात, त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "लेखी काय आहे?" माझ्याकडे बिल होतं, बाकी काहीच नव्हतं. सात आठवडे मी भांडत होते आणि कागदावर मी एक समाधानी ग्राहक होते जिने स्वतः ओटीपी देऊन तक्रार बंद केली होती.

संपादक साहेब, माझं म्हणणं एवढ्यावरच आहे. फोनवर केलेली तक्रार ही आपल्या दृष्टीने तक्रार असते, पण उद्या वाद वाढला तर दाखवायला आपल्या हातात काही राहत नाही. त्या बाईंनी मला बसवून एक ईमेल लिहायला लावला, फार मोठा नाही, एक पान. मशीन कधी घेतलं, बिल नंबर, मागच्या स्टिकरवरचा सिरीयल नंबर, कुठल्या तारखेला काय बिघडलं, कोण आलं, काय म्हणालं, ओटीपी कसा मागितला, आतापर्यंतचे सगळे तक्रार नंबर तारखेसकट. सोबत बिलाचा फोटो आणि मशीनमध्ये पाणी साठलेलं दिसतंय असा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. आणि शेवटी मागणी. मी पहिल्यांदा लिहिलं होतं की माझी दखल घ्यावी आणि योग्य ती कारवाई करावी. त्यांनी ते खोडायला लावलं. म्हणाल्या, योग्य ती म्हणजे कोणती ते तुम्ही सांगायचं, त्यांनी ठरवायचं नाही. मग लिहिलं, अमुक तारखेपर्यंत पीसीबी बदलून मशीन चालू करून द्या, ते जमत नसेल तर मशीन बदलून द्या, नाही झालं तर मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. शिवी नाही, उद्गारचिन्ह नाही, "तुम्ही लोक असेच" वगैरे काही नाही. उद्या हेच पत्र आयोगापुढे गेलं तर वाचताना कुणालाही समजलं पाहिजे, हे डोळ्यासमोर ठेवून लिहा असं त्या म्हणाल्या.

हा ईमेल पाठवायचा कुणाला हाही प्रश्नच असतो. कस्टमर केअरच्या पत्त्यावर पाठवलं की ऑटोमॅटिक उत्तर येतं आणि विषय संपतो. मशीन मी ऑनलाइन घेतलं होतं, आणि ई-कॉमर्ससाठी २०२० चे जे नियम आहेत त्यात साफ लिहिलंय की प्रत्येक ऑनलाइन विक्रेत्या कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्याचं नाव, पद, संपर्क साइटवर द्यायचा, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात ती सोडवायची. ते नाव असतं, पण पार तळाला, बारीक अक्षरात, तीन क्लिक केल्यावर सापडतं. मी त्या अधिकाऱ्याला पाठवलं, मशीन बनवणाऱ्या कंपनीलाही पाठवलं. दोन दिवसांत पोच आली. सात आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या तक्रारीची लेखी पोच दिली होती.

लगेच सगळं झालं असं नाही. त्यांनी उलट लिहिलं की पार्ट उपलब्ध नाही, वाट बघा. मग दिलेली तारीख उलटल्यावर मी १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली. हा नंबर टोल फ्री आहे, मराठीत बोलता येतं, वेबसाइट आणि ॲपवरूनही तक्रार करता येते आणि तिथे आपला ईमेल, बिल सगळं जोडता येतं. एक हजारांहून जास्त कंपन्या या हेल्पलाइनशी जोडलेल्या आहेत, तक्रार थेट त्यांच्याकडे जाते. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नाही. ती कंपनीला हुकूम देऊ शकत नाही, मध्ये पडून उत्तर मागते, तेवढंच. पण नीट कागद जोडलेले असले तर तेवढंही खूप होतं. माझ्याकडे नऊ दिवसांनी माणूस आला, पीसीबी घेऊन.

आणि आता ओटीपीची दुसरी फेरी. मशीन चालू झालं, त्याने परत ओटीपी मागितला आणि एक फॉर्म पुढे केला, त्यावर छापलेलं की माझी कुठलीही मागणी शिल्लक नाही. मी आधी पूर्ण एक धुणं लावलं, पन्नास मिनिटं तो बसला, चहा दिला, पाणी सुटलं ते डोळ्यांनी बघितलं. मग फॉर्मवर पेनने लिहिलं, "पीसीबी बदलला, आजच्या तारखेला मशीन चालू आहे, वॉरंटी वाढवण्याची मागणी शिल्लक", सही केली, फोटो काढला आणि मगच ओटीपी सांगितला. मशीन बंद होतं ते दिवस वॉरंटीत वाढवून द्या म्हणून वेगळा ईमेल केला होता, तेही त्यांनी लेखी मान्य केलं. मागितलं नसतं तर मिळालं नसतं हे नक्की.

आता काही जण म्हणतील की एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ केस टाका. टाकाच, गरज असेल तिथे नक्की टाका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ते पूर्वीपेक्षा सोपं केलंय. आपण राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं हेड ऑफिस कुठे का असेना. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील केलाच पाहिजे असं नाही, ऑनलाइनही दाखल करता येते. मी तर म्हणते हे सगळं आपल्याला माहीत आहे हे कंपनीला आपल्या ईमेलमधून दिसलं पाहिजे, कारण हा माणूस खरंच आयोगात जाईल असं वाटलं तरच समझोता होतो. केसच्या आधी नोटीस पाठवलीच पाहिजे असं या कायद्यात नाही, पण पाठवलेली असली तर आपण संधी दिली होती हे दिसतं. आणि केस टाकल्यावरसुद्धा दोघांची तयारी असेल तर आयोग प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू शकतो, म्हणजे बोलून मिटवायचा रस्ता तिथेही बंद होत नाही.

प्रत्येक ठिकाणचा दरवाजा मात्र वेगळा आहे आणि इथे लोक फार चुकतात. बँकेशी वाद असेल तर आधी बँकेला लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तिथे काही फी नाही. पण आधीच कोर्टात किंवा आयोगात गेलात तर लोकपाल तो विषय घेत नाही, म्हणून क्रम महत्त्वाचा. एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून कापले गेले, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार ५ दिवसांत परत यायला हवेत, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये, आणि हे मागावं न लागता द्यायचेत. किती जणांना हे माहीत असेल? विम्याचा क्लेम नाकारला तर आधी कंपनीला लेखी, मग विमा लोकपाल, मुंबई आणि पुण्यात त्यांची ऑफिसं आहेत. विजेच्या बिलाचं असेल तर वीज कंपनीचा तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल. बिल्डरचं असेल तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाचा सलोखा मंच, २०१८ पासून चालू आहे, तिथे ग्राहक संघटनेचा आणि बिल्डर संघटनेचा असे दोन्हीकडचे प्रतिनिधी बसतात.

या सगळ्यांत एक मोठा धोका आहे आणि त्याबद्दल कुणीच बोलत नाही. आयोगात जायची मुदत वादाचं कारण घडल्यापासून २ वर्षं आहे. आपण हेल्पलाइनवर असलो, ईमेल चालू असले, समोरचा "बघतो, करतो, प्रोसेसमध्ये आहे" म्हणत असला तरी घड्याळ थांबत नाही. आमच्या शेजारच्या काकांनी सहलीसाठी ॲडव्हान्स भरला होता, सहल रद्द झाली, कंपनीचा माणूस इतका गोड बोलायचा की काका म्हणायचे त्याला कशाला दुखवायचं, देतोय ना तो. दिवाळीनंतर देतो, मार्चनंतर देतो, असं करत तीन वर्षं झाली. आता तोच माणूस फोन उचलत नाही. म्हणून मी स्वतः आता पहिल्या ईमेलच्या दिवशीच कॅलेंडरवर तारीख टाकते, दीड वर्षानंतरची, त्या दिवशी जे असेल ते असो, आयोगाचे कागद तयार करायला घ्यायचे.

दुकानदारांबद्दलही लिहायला हवं. सगळे वाईट नसतात, उलट माझा अनुभव आहे की मालकाशी शांतपणे समोरासमोर बोललं तर बरीच भांडणं काउंटरवरच मिटतात, गर्दीच्या वेळी नाही, दुपारी निवांत असताना गेलं तर. पण बिल मागितलं की जीएसटी लागेल म्हणून घाबरवणारे, आणि "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटी लावून खराब निघालेल्या वस्तूलाही तीच पाटी दाखवणारे अजूनही आहेत. बिल न देणं आणि सदोष माल ठरलेल्या मुदतीत परत घ्यायला नकार देणं, बिलावर मुदत नसेल तर ३० दिवसांत, या दोन्ही गोष्टी आता कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहेत. हे त्यांना सौम्य शब्दांत सांगितलं तरी पुष्कळदा पुरतं.

बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं तेव्हा असा कायदाच नव्हता, पहिला ग्राहक संरक्षण कायदा आला १९८६ साली. आज कायदा आहे, हेल्पलाइन आहे, लोकपाल आहेत, आणि माझ्यासारखी शिकलेली बाई एका ओटीपीवर फसते. म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. एक, ग्राहक व्यवहार खात्याने हा ओटीपीचा प्रकार बघावा, काम झालं की नाही याचं उत्तर ग्राहकाने दिल्याशिवाय तक्रार "सोडवली" दाखवता येऊ नये, आणि पार्ट बाकी असेल तर तसं मेसेजमध्येच यावं. त्या टेक्निशियन मुलांचं पेमेंट कॉल क्लोज करण्याला बांधलेलं असतं, त्यांना दोष देऊन काही होणार नाही, कंपन्यांनाच विचारायला हवं. दोन, आपल्या पेपराने आठवड्यातून एकदा छोटी चौकट द्यावी, कुठल्या वादाला आधी कुठे लिहायचं, किती दिवस थांबायचं, पुढे कुठे जायचं. वाचक कात्री घेऊन ती कापून ठेवतील, मी तर नक्कीच ठेवीन.

काकांचा अर्ज आम्ही आता तयार करतोय. मुदत गेलीय, म्हणून उशीर का झाला याचं पटेल असं कारण देऊन विलंब माफ करा असं आधी मागावं लागणार. तीन वर्षांतले सगळे फोन, गप्पा, आश्वासनं शोधून झाली, लेखी म्हणून त्या कंपनीचा एकच मेसेज सापडला, "काका रिफंड प्रोसेसमध्ये आहे, काळजी नसावी", हात जोडलेल्या चिन्हासकट. त्याचीच प्रिंट काढून फाईलमध्ये सगळ्यात वर लावलीय.

आपली,
एक नियमित वाचक