घरी पाठवलेल्या मुलांसाठी मदतीचे आवाहन

बेळगाव आणि खानापूर तालुक्यातील सर्व बंधू-भगिनींना आमच्या पालक मंडळाचा नमस्कार.

हायस्कुलात दोन मुलांची मारामारी झाली की दोघांच्याही डायरीत लाल शाईने एकच शेरा पडतो : 'पालकांना घेऊन आल्याशिवाय वर्गात बसू नये.' एकाचे वडील नोकरदार. मधल्या सुट्टीत ते हेडमास्तरांना फोन करतात आणि दुसऱ्या दिवशी मुलगा बाकावर असतो. दुसऱ्याची आई जांबोटीकडच्या वाडीत राहते, सुगीत दुसऱ्याच्या शेतात भात कापायला जाते. शाळेत यायचे तर तिची दिवसाची मजुरी बुडते. चिठ्ठी कन्नडमध्ये असली तर ती कुणाकडून तरी वाचून घ्यावी लागते, आणि ऑफिसात जाऊन काय बोलायचे याची धास्ती असतेच. पुष्कळदा मुलगा भीतीपोटी घरी सांगतच नाही. सकाळच्या बसने निघतो, दप्तर मांडीवर घेऊन स्टँडवर बसून राहतो, संध्याकाळच्या बसने परततो. एकाच चुकीची शिक्षा एकाला दिवसभराची, दुसऱ्याला पंधरवड्याची.

हजेरीपटावर हे दिवस नुसती गैरहजेरी म्हणून लागतात. दहावीच्या परीक्षेला बसायला 75 टक्के हजेरी लागते. म्हणजे ऑक्टोबरातला शेरा मार्चमध्ये मुलाचे वर्ष घेऊन जाऊ शकतो.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढून टाकायला मनाई केली आहे. मारहाण आणि मानसिक छळ यांनाही बंदी आहे. पण हा कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी. नववी-दहावीतली मुले त्याच्या बाहेर राहतात आणि शेरे सर्वाधिक त्यांच्याच डायरीत दिसतात.

अमेरिकेत सरकारने हे मोजले. 2011-12 च्या आकडेवारीत तिथल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी 16 टक्के निलंबित झाल्याचे दिसले, गोऱ्यांपैकी 5 टक्के. आकडे हाती होते म्हणून तिथल्या पालकांना जाब विचारता आला. आपल्याकडे तोंडी घरी पाठवलेल्या मुलाची नोंदच होत नाही. ती आम्हाला ठेवायची आहे. शिक्षकांवर आमचा राग नाही. भरलेला वर्ग सांभाळणे किती कठीण आहे हे आम्ही जाणतो, आणि या कामात शिक्षकच आमच्याबरोबर हवेत.

सर्वांत मोठी गरज माणसांची आहे. कन्नड लिहिता-वाचता येणारी, आईबरोबर हेडमास्तरांसमोर शांतपणे बसणारी, चिठ्ठीला लेखी उत्तर लिहून देणारी माणसे हवीत. निवृत्त शिक्षकांनी बुडालेला अभ्यास भरून काढायला संध्याकाळचा एखादा तास द्यावा. वकील मंडळींनी गरज पडेल तिथे सल्ला द्यावा.

पैसेही लागतील. शाळेत आलेल्या पालकाची बुडालेली मजुरी, वडिलांचे बसभाडे, झेरॉक्स, वह्या एवढाच खर्च आहे. आयांना सरकारी बसचा प्रवास मोफत आहे, तेवढा भार कमी. रक्कम कितीही लहान असो, पावती मिळेल आणि जमाखर्च सभेत वाचून दाखवला जाईल.

आणि पालकांनो, मुलाला घरी पाठवले असेल तर तारीख, कारण आणि किती दिवस, एवढे लिहून गावच्या पंच मंडळींकडे किंवा महिला मंडळाकडे द्या. डायरीतल्या पानाचा फोटो असल्यास उत्तम. मुलाचे वा शाळेचे नाव आम्ही कुठेही जाहीर करणार नाही. दसऱ्याच्या सुट्टीनंतर सुगी लागते, तेव्हा त्याआधीच या.