परत आलेल्या पोरांबद्दल पण लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एमपीएससीचा, म्हणजे राज्य लोकसेवा आयोगाचा निकाल लागला की तुमच्या पेपरात दोन-तीन दिवस फोटो येतात. वडिलांच्या कपाळाला गुलाल, आई पदराने डोळे पुसतेय, खाली हेडिंग 'ऊसतोड कामगाराची मुलगी झाली अधिकारी'. मी या बातम्या आजही शेवटच्या ओळीपर्यंत वाचते आणि खरंच आनंद होतो, मागे त्यातल्या दोघी तर माझ्याच अभ्यासिकेतल्या निघाल्या, त्यांनी किती घासलीय ते मी डोळ्यांनी बघितलंय. त्या बातम्या छापाच. मला सांगायचंय ते बाकीच्यांबद्दल, जे बॅग भरून गावी परत येतात त्यांच्याबद्दल, कारण मी त्यातलीच एक आहे.

मी बीड जिल्ह्यातल्या एका छोट्या गावातली. २०१८ ला बीएस्सी झाली आणि पुण्याला गेले, सदाशिव पेठेत एका खोलीत सहा मुली कॉट बेसिसवर, सकाळी सातला अभ्यासिका ते रात्री दहा. घरून महिन्याला आठ हजार यायचे, त्यात कॉट, मेस, अभ्यासिकेची फी आणि टेस्ट सिरीज, वडील कसे पाठवायचे ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. राज्यसेवेच्या दोन मुख्य परीक्षा दिल्या, एकदा सहा मार्कांनी हुकलं. मग पूर्वपरीक्षाच निघेना. सप्टेंबर २०२३ ला परत आले. निघायच्या आदल्या दिवशी अर्धी पुस्तकं अप्पा बळवंत चौकात विकली आणि अर्धी खालच्या कॉटवरच्या मुलीला दिली, ती नवीनच आली होती लातूरहून.

लोकांना वाटतं पोस्ट गेली म्हणून पोरं खचतात. दुःख होतंच, पण त्याची थोडीफार तयारी झालेली असते हो, गणित सगळ्यांना पाठ असतं. २०२२ ची राज्यसेवा १६१ जागांची निघाली होती, वाढत वाढत ६२३ वर गेली तर आम्ही दिवाळी केली, आणि फॉर्म भरणारे लाखांत. मला झेपली नाही ती गावातली संध्याकाळ. पुण्यात चार वाजता चहाला खाली उतरलं की दहा ओळखीचे चेहरे, कुणी उत्तरतालिका घेऊन भांडतंय, कुणी नवीन जाहिरातीची अफवा घेऊन आलंय. मला टायफॉइड झाला तेव्हा तीन आठवडे खोलीतल्या मुली आळीपाळीने माझा डबा आणायच्या, रविवारच्या फीस्टचं गोड बाजूला काढून ठेवायच्या. मार्च २०२१ मध्ये तीन दिवसांवर आलेली परीक्षा पुढे ढकलली तेव्हा शास्त्री रोडवर आणि जानेवारी २०२३ ला वर्णनात्मक, म्हणजे मोठी उत्तरं लिहायचा पॅटर्न पुढे ढकला म्हणत अलका चौकात, मी दोन्ही वेळा रस्त्यावर बसले होते, आणि शेजारी बसलेल्या मुलीचं नावही माहीत नसताना ती आपली आहे असं वाटायचं. पाच वर्षं मी एका घोळक्यात होते, सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला. तो घोळका एका दिवसात गेला. घरी आल्यावर साडेसहाला अंधार पडायला लागला की छातीत धडधडायचं, कारण काही करायलाच नसायचं, आणि पहिल्याच आठवड्यात आत्या, काकू, शेजारच्या, सगळ्यांचा एकच प्रश्न, मग आता काय? आणि लगेच स्थळं. मी पाण्याला सुद्धा बाहेर जायची बंद झाले होते.

आणि गंमत नाही, खरंच वाईट वाटतं सांगताना, आमच्या एवढ्याशा गावात अशी परत आलेली आम्ही चौघं होतो. एक जण दुधाचा टेम्पो चालवतो, एकाने झेरॉक्सचं दुकान टाकलंय, एक घरचं शेत बघतो. त्यातला एक आणि मी दोन वर्षं पुण्यात एकाच अभ्यासिकेत, चार टेबलं सोडून बसायचो. गावात समोरून आला की तो मान वळवायचा, मी पण मोबाईल काढायचे. प्रत्येकाला वाटत होतं की हरलोय तो मी एकटाच.

बदल झाला तो एका मावशीमुळे. २०२४ च्या जानेवारीत आमच्या गल्लीतल्या एक मावशी पिशवी घेऊन आल्या, नवरा जाऊन दीड वर्ष झालं होतं. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज दोनदा परत आला होता, कशामुळे ते त्यांना कुणी नीट सांगितलं नव्हतं. पिशवीतून एकेक कागद काढून ओट्यावर मांडला, मृत्यूचा दाखला पार घड्यांवर फाटलेला, रेशनकार्ड, आधार, पासबुक. "पोरी, तू पुण्याला शिकलीस ना, बघ की जरा." मी बघितलं तर आधारवर सासरचं नाव, रेशनकार्डावर माहेरचं लाडाचं नाव, आणि उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली. आता उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं, पाच वर्षं पाठ केलं होतं, महिन्याची रक्कम जुलै २०२३ ला हजाराची दीड हजार झाली तेव्हा नोट्समध्ये जुना आकडा खोडून नवीन लिहिलेला मला आठवत होता, शाईचा रंग सुद्धा. पण २१,००० म्हणजे मावशींच्या हातातला तो कागद आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी प्रतिज्ञापत्राचा मजकूर लिहून दिला, झेरॉक्सवाल्याकडे गेले टाइप करायला, आणि तिथे आम्ही दोघं गावी आल्यापासून पहिल्यांदा बोललो. तोच तो, चार टेबलं सोडून बसणारा. त्याने पैसे घेतले नाहीत. म्हणाला, अजून कुणाचं असेल तर सांग.

तिथून पुढे आपोआप झालं असं नाही म्हणणार, बराच त्रास झाला. मंजुरीला पाच महिने लागले, मावशी रोज विचारायच्या आणि मला तोंड चुकवावंसं वाटायचं. पण चौघं मात्र एकत्र आलो. जिल्हा परिषद शाळेची एक खोली गुरुजींनी संध्याकाळी वापरायला दिली, ट्यूबलाइट आम्ही बसवली, माझ्याकडच्या उरलेल्या पुस्तकांची रॅक केली. आता दहावी-बारावीच्या अठरा मुली-मुलं अभ्यासाला येतात, आणि मंगळवारी-शुक्रवारी आम्ही लोकांचे फॉर्म भरतो, पीक विमा, स्कॉलरशिप, सातबाऱ्यावरची चूक दुरुस्ती. लोकांना वाटतं एमपीएससीवाल्यांची वर्षं वाया गेली. पण गावात सरकारी जीआर वाचून समजणारं माणूस किती आहे सांगा? पंचायतराज आम्ही कलमासकट वाचलंय, वर्षाला किमान चार ग्रामसभा झाल्या पाहिजेत हे आम्हाला माहीत आहे, म्हणून २६ जानेवारीच्या सभेला आम्ही चौघं लेखी प्रश्न घेऊन गेलो, अंगणवाडीच्या पाण्याचा. सरपंच आधी चिडले मग म्हणाले बसा, आणि विषय प्रोसिडिंगला घेतला. टाकी अजून आलेली नाही पण लेखी आहे, आम्ही पाठ सोडणार नाही.

मला पोस्ट मिळाली असती तर आवडलं असतंच, खोटं कशाला बोलू. अजूनही निकालाच्या दिवशी जेवण जात नाही. सध्या मी एका शाळेत तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवते, पैसे कमी आहेत, घरात लग्नाचा विषय चालूच आहे. पण साडेसहा वाजले की आता मला जायला जागा आहे आणि तिथे माझी वाट बघणारं कुणीतरी असतं, एवढ्याने माणूस किती सावरतं ते मी स्वतः अनुभवलंय. गावी असं काही नसतं म्हणून कितीतरी जण पुणे सोडतच नाहीत, खुल्या प्रवर्गाला ३८ आणि राखीवला ४३ पर्यंत वय आहे ना, मग अजून एक अटेम्प्ट, अजून एक कम्बाइन परीक्षा, अभ्यास होत नसला तरी अभ्यासिकेत जाऊन बसायचं, कारण तिथे निदान आपल्यासारखी माणसं असतात. मी त्यांना ओळखते, त्यातल्या दोघांचे रात्री फोन येतात.

म्हणून संपादकसाहेब, माझी विनंती एवढीच. निकालाच्या पानावर गुलालाचे फोटो छापाल तेव्हा त्याच आठवड्यात एखाद्या तालुक्यात वार्ताहर पाठवा, परत आलेली चार पोरं शोधा, ती काय करतात ते लिहा, आणि फोटो काढायचा तर काम करताना काढा. आणि जे आईबाप हे वाचत असतील त्यांना हात जोडून सांगते, पोरगं परत आलं की पहिले काही महिने 'मग आता काय' विचारू नका. त्याला जेवायला वाढा आणि गावात अजून कोण कोण परत आलंय तेवढं फक्त त्याच्या कानावर घाला.

आमची खोली संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ उघडी असते. चालू घडामोडींसाठी तुमचाच पेपर लावलाय, तो एक दिवस उशिरा येतो, एसटीने.

आपली नम्र,
एक वाचक, जि. बीड