यादीत एक रकाना राहिला

महोदय,

कालच्या अंकात पान तीनवर आमच्या तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांची यादी वाचली. वाचन, वजाबाकी, भागाकार आणि शेवटी क्रमांक. तळाच्या पाच शाळांना लाल चौकट. त्या पाचांपैकी एका शाळेत मी 11 वर्षं शिकवलं आहे. रात्रभर डोळा लागला नाही, म्हणून सकाळी चहासुद्धा न घेता हे पत्र लिहायला बसले.

तुमच्या वार्ताहराने आकडे चुकवले असं माझं म्हणणं नाही. चौथीच्या मुलाला दुसरीचा उतारा वाचता येत नसेल, तर ती शिक्षकाला झोंबायलाच हवी अशी गोष्ट आहे. पण दिवाळीनंतर यातली किती मुलं वर्गात होती, हा रकाना त्या यादीत का नाही? चौकटीतल्या पाचही शाळा डोंगरपट्ट्यातल्या, त्यातल्या तीन तांड्यांवरच्या, म्हणजे बंजारा वस्त्यांवरच्या. वरच्या पाच म्हणजे बागायती गावं आणि तालुक्याचं ठिकाण. हे तुमच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. दिवाळी झाली की ऊसतोडीला नेणारे ट्रक लागतात, कोयत्याबरोबर नवरा-बायको दोघं जातात आणि पोरं त्यांच्या पाठी कोल्हापूर-सांगलीकडे, नाहीतर कर्नाटकात. परत येतात पाडव्याच्या आगेमागे. शिक्षकांच्या संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवायला, पट धरतात तो 30 सप्टेंबरचा. तेव्हा वर्ग भरलेला असतो. तुमच्या यादीतली चाचणी झाली मार्चअखेरीला. या दोन तारखांच्या मधे काय झालं, ते बीड जिल्ह्यात निघणाऱ्या वर्तमानपत्राला मी सांगावं का?

2009 सालचा प्रसंग आहे. तिसरीतली एक मुलगी मार्चमध्ये उसाच्या फडावरून परतली आणि चौथ्या दिवशी शाळेत तपासणी आली. साहेबांनी पुस्तक उघडून तिच्यापुढे धरलं आणि वाच म्हणाले. तो धडा आम्ही जानेवारीत घेतलेला. तिने ते पान जन्मात पाहिलं नव्हतं. ती थोडा वेळ उभी राहिली, मग हळूच पानं मागे उलटली आणि ऑक्टोबरपर्यंत झालेला धडा काढून खणखणीत वाचायला लागली. जोडाक्षरांसकट, एकदाही न अडखळता. साहेब म्हणाले, "पाठ केलेलं नको." पुस्तक मिटलं. शेरेबहीत लिहिलं, वाचन असमाधानकारक, शिक्षिकेने लक्ष द्यावे. वर मला खुलासा मागितला.

मी खुलासा दिला. हजेरीपटाची नक्कल जोडली. दिवाळीपर्यंत तिचा एकही खाडा नव्हता. पुढचे रकाने मार्चपर्यंत लाल. त्यावर उत्तर आलं, कारणे सांगू नयेत. मी आज निवृत्त आहे, कुणी माझी वेतनवाढ रोखू शकत नाही, तरी ते तीन शब्द अजून छातीत रुततात. काल तुमची लाल चौकट पाहिली आणि तीच शेरेबही डोळ्यांपुढे आली. ती मुलगी मे महिन्यात रोज दुपारी माझ्या घरी येऊन राहिलेले धडे वाचायची. पुढल्या दिवाळीला पुन्हा गेली. धाकटा भाऊ तेव्हा आठ महिन्यांचा होता आणि त्याला कोपीवर, फडाजवळच्या झोपडीत, सांभाळायला कुणीतरी हवं होतं. पाचवीत ती आलीच नाही.

हंगामी वसतिगृहं आहेत, मला माहीत आहे. मी स्वतः चालवलं आहे. मुलं शाळेत जेवायची आणि रात्री आजीकडे झोपायची. चांगली योजना आहे. पण आमच्याकडे मंजुरी येईपर्यंत डिसेंबर उजाडायचा आणि ट्रक नोव्हेंबरमध्येच गेलेले असायचे. त्यातून ज्याची आजी जिवंत आणि हिंडती-फिरती, तेच मूल मागे राहायचं.

तुमच्या बातमीत पालकांचा विश्वास उडाल्याचंही लिहिलं आहे. कोणत्या पालकांचा? ज्यांच्याकडे महिन्याला व्हॅनचे पैसे आहेत त्यांची मुलं इंग्रजी शाळेत गेली, खरं आहे. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला पाटलाचा मुलगा आणि सालगड्याचा मुलगा एकाच पट्टीवर बसायचे. पाटलाच्या घरी कुणीतरी वाचून दाखवणारं असायचं आणि त्याचा फायदा शेजारच्यालाही व्हायचा. आता पट्टीवर राहिली ती ऊसतोडीची, भूमिहीनांची आणि घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलणारी मुलं. पट 60 च्या आत, चार वर्ग, दोन शिक्षक, आणि त्यांतला एक माहिती भरायला सतत मोबाइलवर. या शाळेची तालुक्याच्या शाळेशी एका ओळीत तुलना करता येत नाही. 4 डिसेंबर 2024 ला देशभर मुलांना किती येतं ते तपासणारं परख सर्वेक्षण झालं, तिसरी, सहावी आणि नववीचं. त्या तारखेला आमच्या तांड्यावरची तिसरी निम्मी फडात होती. म्हणजे एका ठिकाणी ही मुलं मोजलीच गेली नाहीत आणि दुसरीकडे आल्या आल्या नापास ठरली.

माझी मागणी साधी आहे. हीच यादी पुन्हा छापा आणि प्रत्येक शाळेपुढे दोन रकाने वाढवा: किती मुलं हंगामात बाहेर होती, आणि चाचणीपूर्वी ती किती दिवस वर्गात बसली. हजेरीपट शाळेत असतात, वार्ताहराला कुणी नाही म्हणणार नाही. मग त्या पाच शाळांमध्ये जिथे मुलं वर्षभर असूनही वाचत नाहीत, तिथल्या शिक्षकांना खुशाल जाब विचारा. मी तुमच्या बाजूने उभी राहीन.

आणखी एक. बातमीसोबत फळ्यापुढे खडू धरून उभ्या असलेल्या मुलीचा फोटो आहे. खाली, "साधी वजाबाकीही जमेना". तिचा चेहरा स्पष्ट दिसतो, शेजारी शाळेचं नाव. आईबापांना कुणी विचारलं होतं का? नऊ-दहा वर्षांची पोर आहे ती. सगळ्या तांड्याच्या मोबाइलवर तो फोटो फिरतो आहे, माझ्याकडे काल दुपारपर्यंत तीनदा आला. छापलेला कागद परत घेता येत नाही, पण इंटरनेटवरच्या आवृत्तीतून तो आजच्या आज काढा. सोमवारी तिला त्याच फळ्यासमोर जाऊन बसायचं आहे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
जि. बीड